पतंगांची शिरगणती

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याचे दोन तालुके अलीकडे वृत्तपत्रांत गाजतात ते बहुधा बिबट्यामुळे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसाच्या फडाला जंगल समजून बिबट्या त्यात राहू लागला. त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले, पिंजरे आले, त्याच्या मोजणीवर वाद झाले. हे सारे योग्यच आहे. माणसाच्या जिवाशी गाठ पडली म्हणजे शासन जागे होते. परंतु त्याच फडात, उसाच्या कांडीच्या आत, आणखी एक रहिवासी असतो. त्याची लांबी बोटाच्या पेरापेक्षा फारशी अधिक नसते. तो कोणावर झडप घालीत नाही, म्हणून त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. हा रहिवासी म्हणजे गवत-पतंगाची अळी. ऊस हे शेवटी एक गवतच आहे. भात, बाजरी, ज्वारी, मका हीही गवतेच. या दोन तालुक्यांतील शेतीचा मोठा भाग गवतावर उभा आहे आणि गवतावर जगणाऱ्या पतंगांची साधी, विश्वासार्ह, गावनिहाय यादी शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती नाही.

मराठी भाषेने या जिवांना नावे दिली आहेत, पण ती कशी दिली आहेत हे पाहण्यासारखे आहे. खोडकिडा, कांडीकीड, शेंडेकीड, पाने गुंडाळणारी अळी, सुरळीतील अळी ही सारी नावे उपद्रवाची आहेत. भाताचा गाभा सुकला की ‘गाभेमर’, ओंबी दाण्याविना पांढरी पडली की ‘पळींज’, उसाचा कोंब वाळला की ‘पोंगेमर’ असे शेतकरी म्हणतो. रोगाला नाव आहे आणि रोग करणाऱ्याच्या बालरूपालाही आहे. पण तीच अळी कोषातून बाहेर पडून रात्री उडू लागली की तिचे ‘पाखरू’ होते आणि सगळी पाखरे सारखी होतात. शिष्ट भाषेत त्यालाच पतंग म्हणावे, तर संक्रांतीला मुले उडवतात तोही पतंगच. ज्या पतंगांची अळी पिकाला तोंड लावीत नाही, त्यांना तर नावच नाही. व्यवहाराच्या भाषेने असे करणे स्वाभाविक आहे. शास्त्राच्या अभ्यासक्रमाने मात्र तसे करू नये, अशी अपेक्षा बाळगायला हरकत नसावी.

हे गवत-पतंग आहेत तरी कोण? सायंकाळी बांधावरून चालताना गवतातून एखादे फिकट, पेंढ्याच्या रंगाचे पाखरू उठते, चार हात उडते आणि पुन्हा एका काडीवर बसते. बसताना पंख अंगाभोवती गुंडाळून घेते, डोके काडीच्या दिशेने लांब करते आणि क्षणात दिसेनासे होते. तोंडापुढे सोंडेसारखे आलेले दोन स्पर्शक ही त्याची आणखी एक खूण. शास्त्रज्ञ या कुळाला क्रँबिडी म्हणतात. त्याचे सख्खे भावंड-कूळ म्हणजे पायरॅलिडी. घरात डब्यातल्या रव्याला किंवा तांदळाला जाळी धरते, ती करणारी अळी या दुसऱ्या कुळातली. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाऊन पोळे उद्ध्वस्त करणारी अळीही त्याच कुळातली. दोन्ही कुळे मिळून जगात सुमारे १६,००० जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत.

ही दोन कुळे एक की दोन, हा वाद शंभर वर्षे चालला. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील पतंगांच्या चौथ्या खंडात, १८९६ साली, सर्वांना एकाच पायरॅलिडी कुळात बसविले. पुढे कॅनडाचे यूजीन मनरो यांना त्यात दोन गट दिसले आणि १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच अभ्यासक जोएल मिने यांनी दोन स्वतंत्र कुळांची बाजू मांडली. आधार कशाचा? तर कानाचा. या पतंगांना पोटाच्या बुडाशी, खालच्या अंगाला, कान असतात. रात्री शिकार करणाऱ्या वटवाघळाचा सूक्ष्म आवाज त्यांनी ऐकू येतो आणि पतंग गिरकी घेऊन खाली पडतो. क्रँबिडीच्या कानापाशी त्वचेची एक लहानशी घडी असते, पायरॅलिडीत ती नसते. २०१२ साली जनुकांच्या तुलनेतूनही हीच विभागणी पक्की झाली. वटवाघळाच्या भीतीने घडलेला एक अवयव कुळाची सीमारेषा ठरवतो, ही गोष्ट शाळेतील मुलांना सांगितली तर वर्गीकरण हा रुक्ष विषय आहे, ही तक्रार निम्मी कमी होईल. आपल्याकडे मात्र अनेक पाठ्यपुस्तकांत खोडकिडा अजून पायरॅलिडीतच नांदतो आहे.

या अभ्यासाचा पाया जिथे घातला गेला त्यात पुणे आणि मुंबई ही नावे अगदी वर आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसे एकत्र जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते आणि कर्नल चार्ल्स स्विनहो हा लष्करी अधिकारीही होता. स्विनहो पतंगांचा वेडा. ‘मुंबई आणि दख्खनचे पतंग व फुलपाखरे’ या आशयाचा त्याचा मोठा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात १८८५ साली प्रसिद्ध झाला. ज्वारी-मक्याचे खोड पोखरणारा जो पतंग आज कायलो पार्टेलस या नावाने जगभर ओळखला जातो, त्याचे नामकरण त्या निबंधात झाले. दख्खनच्या ज्वारीचा हा जुना शत्रू. त्याला शास्त्रीय ओळख मिळाली ती एका कर्नलच्या फावल्या वेळातून, आणि नमुने गेले विलायतेस. त्याच्याही आधी, १८३४ साली, कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या रानरेशमाच्या किड्यावर लिहिले होते. त्याच्या चिवट कोशाच्या पट्ट्या कापून मराठे आपल्या बंदुकीची नळी दस्त्याला आवळीत, अशी नोंद त्यांनी केली आहे. ज्याचा उपयोग त्याची नोंद आणि ज्याचा उपद्रव त्याचीही नोंद. बाकीच्यांच्या वाट्याला विस्मृती, हा प्रघात तेव्हापासूनचा आहे.

नावात काय आहे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. उत्तरासाठी कायलो पार्टेलसचाच पुढला प्रवास पाहावा. हा आशियाई पतंग आफ्रिकेत पोहोचला. १९३२ साली तो आजच्या मलावीत सापडल्याची नोंद आहे. पुढे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत तो मक्याच्या आणि ज्वारीच्या मुळावर उठला आणि केनियाच्या किनारपट्टीवर तिथल्या मूळच्या खोडकिड्यालाही त्याने मागे सारले. तो आशियातून आला हे ठाऊक होते म्हणूनच त्याचा शत्रूही आशियात शोधता आला. कोटेशिया फ्लॅविपेस ही चिमुकली गांधीलमाशी पाकिस्तानातून नेऊन १९९३ साली केनियात सोडण्यात आली. ती या अळीच्या अंगात अंडी घालते. स्विनहोने दिलेल्या एका नावाच्या धाग्याला धरून एका खंडातला उपाय दुसऱ्या खंडात गेला. याच पतंगाला आपल्याकडील जुन्या शेतकी पुस्तकांत कायलो झोनेलस म्हटलेले आढळते. पुढे नाव बदलले आणि दोन्ही नावांचा संबंध ज्याला माहीत नाही त्याला जुन्या पुस्तकातली सगळी माहिती परकी झाली.

उलट उदाहरण वांग्याचे आहे. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस, हीसुद्धा क्रँबिडी कुळातली. बीटी वांगे आणले गेले ते तिच्यासाठी आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली तोपर्यंत देशभर सभा-परिसंवाद झडले. त्या गदारोळात जनुकांविषयी पुष्कळ बोलले गेले, पतंगाविषयी फारसे कोणी बोलले नाही. आफ्रिकेतही हीच अळी वांग्याला लागते असे वर्षानुवर्षे मानले जात होते. २०१५ साली तेथील नमुने नीट तपासले गेले तेव्हा तो वेगळाच पतंग, आणि एक नव्हे तर अनेक जातींचा, निघाला. एकाच्या नावावर इतक्यांचा हिशेब चालला होता.

हे दूरदेशीचे दाखले बाजूला ठेवले तरी जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याचे काय? त्याच्या उसात निदान तीन वेगळे पोखरणारे आहेत. लहान उसाचा पोंगा मारणारा एक, वाढलेल्या उसाची कांडी पोखरणारा दुसरा, शेंड्यातून खाली उतरणारा तिसरा. पहिले दोघे कायलो या प्रजातीचे, तिसरा सिर्पोफॅगा प्रजातीचा, म्हणजे भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचा जवळचा नातलग. ही वंशावळ केवळ पंडितांच्या कामाची नाही. अंड्यातच किडीचा नायनाट करणारी ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म माशी शेतात सोडतात. तिची कार्डे मिळतात. पण कायलोसाठी जी जात वापरायची तिचे नाव ट्रायकोग्रामा चिलोनिस, आणि शेंडेकिडीसाठी किंवा भाताच्या खोडकिड्यासाठी शिफारस आहे ती ट्रायकोग्रामा जापोनिकमची. चिलोनिस या नावातच कायलो दडलेला आहे. कामगंध सापळ्याचे तसेच. मादीच्या गंधाची नक्कल करणारी जी गोळी सापळ्यात ठेवतात तिला तिच्याच जातीचा नर भुलतो. शेजारच्या जातीचा तिच्याकडे पाहतही नाही. चुकीच्या गोळीचा सापळा महिनाभर टांगून ठेवला आणि एकही पतंग पडला नाही, तर शेतकरी कीड नाही असे समजतो किंवा सापळा खोटा असे समजतो. दोन्ही समजुतींचा शेवट एकाच ठिकाणी होतो: औषधाच्या दुकानात.

या कार्डांची कथाही मोठी मौजेची आहे. ट्रायकोग्रामा वाढवायची तर तिला अंडी हवीत आणि ती प्रयोगशाळेत पुरवतो तो तांदळातील पतंग, म्हणजे कॉर्सिरा. गृहिणी ज्याला चाळणीतून हाकलून देते त्यालाच प्रयोगशाळेत भरड धान्यावर मुद्दाम पोसतात आणि त्याची हजारो अंडी कागदावर चिकटवून तो कागद फडात टाचतात. पायरॅलिडी कुळातला एक पतंग क्रँबिडी कुळातल्या दुसऱ्या पतंगाच्या नाशासाठी असा कामी येतो. या व्यवहाराला लागणारा खर्च फवारणीच्या मानाने किरकोळ आहे. खर्ची पडते ती ओळख.

तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकर, आहुपे, आंबे-हातवीज, नाणेघाट या पट्ट्यात भात आहे. तेथेही ओळखीचा असाच प्रश्न आहे. पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या पंखांवर एकेक ठसठशीत काळा ठिपका असतो, नर मळकट आणि लहान. पाहणाऱ्याला वाटावे की ही दोन वेगळी पाखरे आहेत. सुरळीतील अळी भाताच्या पानाचा तुकडा कापून त्याची नळी करते, त्या नळीत बसून पाण्यावर तरंगते आणि चक्क कल्ल्यांनी श्वास घेते. म्हणूनच खाचरातील पाणी काढून टाकले की ती मरते. रोपांवरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडणे आणि मग पाणी सोडून देणे, हा बिनखर्ची उपाय त्यामुळे लागू पडतो. तोच उपाय खोडात बसलेल्या अळीवर करणे म्हणजे वाया घालवलेला दिवस. एकाच कुळातल्या दोन अळ्या, एकाच खाचरात, आणि दोघींची औषधे निराळी.

नव्या पाहुण्यांनी तर ही निकड वाढवली आहे. नारायणगावचा टोमॅटो बाजार साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. २०१४ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील टूटा नावाचा पतंग महाराष्ट्र-कर्नाटकातील टोमॅटोवर दिसू लागला. त्याची अळी पानात बोगदे करते आणि पानात बोगदे करणारी नागअळी शेतकऱ्याला आधीपासून माहीत होती. फक्त ती माशीची अळी, ही पतंगाची. २०१८ साली मक्यावर लष्करी अळी आली. तिचे कूळ वेगळे, पण पोंग्यातली तिची भोके पाहून प्रथमदर्शनी जुना खोडकिडाच आठवावा. शिवमोग्ग्याच्या शेतातील त्या अळीची ओळख बंगळुरूच्या तज्ज्ञांनी लवकर पटवली, म्हणून देशाला निदान सावध होता आले. असे डोळे प्रत्येक तालुक्याला हवेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जिल्ह्यात दोनचार तरी असावेत, आणि ते तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

उपद्रवी जातींविषयीच इतके बोलावे लागते, कारण पैशाची भाषा सर्वांना कळते. वस्तुतः या कुळांतील बहुसंख्य पतंग कोणाच्या अध्यात ना मध्यात. आहुपेच्या देवराईत, हिरड्याच्या झाडांखाली, सड्यांवरच्या गवतात त्यांच्या पिढ्या जातात. वटवाघळे, कोळी आणि पाखरे त्यांच्यावर पोसली जातात. सह्याद्रीच्या धो धो पावसाच्या कड्यापासून शिरूरच्या सीमेवरील जिरायती माळापर्यंतचे अंतर जेमतेम एका दिवसाच्या प्रवासाचे. तेवढ्यात पाऊस, माती आणि गवत पूर्णपणे बदलते. गवत बदलले की पतंग बदलतो. म्हणूनच या दोन तालुक्यांची पूर्व-पश्चिम पाहणी अभ्यासकाला जे शिकवील ते एखाद्या सपाट प्रदेशाच्या दसपट पाहणीतून मिळणार नाही. आणि हा प्रदेश स्थिर नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले तेव्हा घरे, जमिनी, झाडे यांची मोजदाद भरपाईसाठी झाली. पतंगाला भरपाई नसते, म्हणून त्याची मोजदादही नसते.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले ते शेकरूच्या नावाने. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू केले आणि असे करणारे हे पहिले राज्य ठरले. त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र फुलपाखरांच्या मानाने पतंगांच्या जाती कितीतरी पटींनी अधिक आहेत आणि ते रात्री येतात एवढाच त्यांचा अपराध आहे.

कायद्याचे पाठबळ नाही असेही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितले. माधव गाडगीळ यांच्यासारख्या पुण्याच्याच शास्त्रज्ञाने या कल्पनेसाठी आयुष्याची वर्षे दिली. पुढे काय झाले? कायद्याला दीड तप उलटून गेल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवली आणि ती न पाळणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. दंडाच्या धाकाने वही भरते. पण मुदतीआधी घाईने भरलेल्या वहीत कोणता जीव येणार? आंबा, वड, पिंपळ, गाय, म्हैस आणि बिबट्या. ‘कीटक’ या रकान्यात मधमाशी आणि डास लिहिले की ग्रामसेवक मोकळा, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? त्याला पतंग ओळखायला कोणी शिकवलेच नाही.

तज्ज्ञांचा दोष मात्र झाकण्याचे कारण नाही. पतंगांवरील निबंध इंग्रजीत निघतात, ते आपापसांत वाचले जातात आणि ज्याच्या शेतातून नमुना उचलला त्याला त्याचे नाव कळवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली नाही. मराठीत या कुळांविषयी विद्यार्थ्याने हाती धरावे असे पुस्तक शोधू गेले तर शोधणाऱ्याची निराशा होते. दुसरीकडे हौशी मंडळींनी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून नावे लावण्याचा सपाटा चालवला आहे. त्यातून गोडी वाढते, नव्या नोंदीही हाती येतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु कायलोच्या जवळजवळच्या जाती केवळ पंखांवरून निश्चित ओळखता येत नाहीत. त्यासाठी पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नमुना जपून ठेवला नसेल तर उद्या शंका आली असता पाहायचे काय? अभयारण्यात नमुने घ्यायला परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. मात्र शेताच्या बांधावर आणि महाविद्यालयाच्या आवारात तशी अडचण नाही.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या प्रत्येक ठिकाणी महाविद्यालय आहे. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यालाच, आकुर्डीत आहे. खोडदच्या तीस तबकड्या आकाशगंगांचे क्षीण संदेश टिपण्यासाठी जिथे उभ्या आहेत, त्या तालुक्यात पांढऱ्या कापडावर दिवा लावून रात्री आलेले पतंग टिपणे अशक्य कोटीतले नाही. पाच महाविद्यालयांनी महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या मागेपुढे, एकेक दिवा लावावा. तारीख, गाव, पाऊस आणि भोवतालचे पीक लिहावे. टाचणी, पेटी आणि डांबराच्या गोळ्या यांचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा अधिक येणार नाही. पावसाळ्यात पेट्यांना बुरशी धरते, त्यासाठी एक कोरडे कपाट आणि त्याची किल्ली जबाबदारीने बाळगणारा एक प्रयोगशाळा-सहायक हवा. खरी अडचण येथे आहे, कारण प्रयोगशाळा-सहायकांची पदे रिकामी ठेवून संशोधनाची अपेक्षा करण्याचा परिपाठ सर्वत्र पडला आहे. नमुन्यांच्या जोड्यांपैकी एक आकुर्डीला जावी, एक तालुक्यात राहावी. वर्षाअखेर जी यादी होईल ती मराठीत छापून ग्रामपंचायतींच्या नोंदवहीला जोडावी आणि तिच्यात प्रत्येक पतंगापुढे तो कोणत्या गवतावर किंवा झाडावर जगतो हे लिहावे. ज्यांना मराठी नाव नाही त्यांना ते द्यावे लागेल. त्यासाठी भाषेच्या आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि बांधावरच्या शेतकऱ्यालाही तेथे एक खुर्ची ठेवावी लागेल. पहिला दिवा लावायला जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र उत्तम. त्या आठवड्यात पतंग सर्वांत जास्त येतात.